मूत्रपिंड-ग्राहीच्या हृदयविकाराची जोखीम : एका संशोधन-परंपरेची समीक्षा

१

वैद्यकात एखादी यादी एकदा रूढ झाली की तिच्यामागील विचाराची चौकशी सहसा कोणी करीत नाही. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांस हृदयाचे व रक्तवाहिन्यांचे विकार इतक्या प्रमाणात का जडतात, या प्रश्नाचे उत्तर गेली सुमारे तीस वर्षे अशाच एका यादीच्या रूपाने दिले जात आहे. वय, मधुमेह, उच्च रक्तदाब, रक्तातील मेद, धूम्रपान आणि पूर्वीचा हृदयविकार ही तिची मुख्य कलमे होत. यादी खोटी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती कोणाकडे पाहून तयार झाली, तिच्यातील कोणती कलमे रुग्णाच्या शरीराची व कोणती त्याच्यावरील उपचाराची, आणि जालना जिल्ह्यातील अंकुशनगरसारख्या ठिकाणी राहणाऱ्या ग्राहीस ती लावली असता ती काय सांगते व काय गाळते, हे प्रश्न तिच्याबरोबर क्वचितच विचारले जातात. ते प्रश्न विचारणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ग्राही हा शब्द येथे मूत्रपिंड स्वीकारणारा या अर्थाने योजिला आहे.

हा वाद केवळ पद्धतीचा नव्हे. भारतात रोपिली जाणारी बहुसंख्य मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून येतात. या दात्यांत माता, पत्नी, बहिणी अशा स्त्रियांचे प्रमाण अधिक असून ग्राहींत पुरुष अधिक असतात. घरातील एक निरोगी स्त्री आपला एक अवयव देते, कुटुंब कर्ज काढते, शस्त्रक्रिया यशस्वी होते. आणि काही वर्षांनी ते मूत्रपिंड उत्तम चालत असतानाच ग्राही हृदयाघाताने जातो. पाश्चात्त्य नोंदवह्यांत या घटनेस ‘कार्यक्षम रोपासह मृत्यू’ असे नाव आहे आणि तिच्या कारणांत हृदयविकार अग्रभागी असतो. जो मृत्यू एकाच वेळी दोन माणसांचा त्याग निष्फळ करतो, त्याच्या कारणांची यादी आपण कशी वाचतो यास महत्त्व आहेच.

येथे थोडा इतिहास ध्यानात घ्यावयास हवा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी मे १९६५ मध्ये भारतातील पहिले मूत्रपिंड-प्रत्यारोपण केले आणि त्यांनीच फेब्रुवारी १९६८ मध्ये देशातील पहिले हृदय-प्रत्यारोपण केले. दोन्ही रुग्ण फार काळ जगू शकले नाहीत. जिवंत दात्याचे मूत्रपिंड यशस्वी रीतीने रोपिण्याचे श्रेय १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजास मिळाले. त्या काळी प्रश्न एवढाच होता की रोप टिकेल की शरीर ते नाकारील. ग्राही दहा-पंधरा वर्षे जगू लागले तेव्हाच त्यांच्या हृदयाची चिंता करण्याची वेळ आली. म्हणजे हा प्रश्न उपचाराच्या यशातून निर्माण झालेला आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना उपचारासही तपासणीच्या कक्षेत आणले पाहिजे.

२

‘जोखीमघटक’ ही कल्पना अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावच्या अभ्यासातून रूढ झाली. १९४८ साली तेथे ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद घेऊन त्यांच्या प्रकृतीचा मागोवा सुरू झाला आणि १९६१ च्या सुप्रसिद्ध निबंधाने या कल्पनेस नाव व प्रतिष्ठा मिळवून दिली. तिचे मोल निर्विवाद आहे. हृदयविकार ही वार्धक्याची अटळ परिणती नसून रक्तदाब, मेद, धूम्रपान अशा मोजता येणाऱ्या गोष्टींशी तो निगडित आहे, हे तिने दाखवून दिले आणि प्रतिबंधाचा मार्ग मोकळा केला.

परंतु या कल्पनेच्या पोटात तीन गृहीते आहेत. पहिले असे की निरीक्षणाखालील माणूस आरंभी सामान्यतः निरोगी असतो. दुसरे, जोखीमघटक हा त्या माणसाचा स्वतःचा, शरीराचा वा सवयीचा, गुण असतो. तिसरे, हृदयविकार म्हणजे मुख्यतः हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांत मेद साचून होणारा अवरोध. मूत्रपिंड-ग्राहीच्या बाबतीत ही तिन्ही गृहीते डळमळतात.

ग्राही निरोगी अवस्थेतून येत नाही. तो मूत्रपिंड निकामी झाल्याच्या अवस्थेतून, बहुधा डायालिसिसवरून, येतो. फोली, पारफ्री व सारनाक यांनी १९९८ साली दाखवून दिले की डायालिसिसवर असलेल्या रुग्णांत हृदयविकाराने होणारा मृत्यू सर्वसामान्य लोकांच्या तुलनेने १० ते २० पट अधिक असतो, आणि पंचविशी-तिशीतील डायालिसिस-रुग्णाची ही जोखीम निरोगी समाजातील ऐंशी वर्षांवरील वृद्धाच्या बरोबरीची असते. प्रत्यारोपणानंतर ती पुष्कळ उतरते, पण निरोगी माणसाच्या पातळीस येत नाही. म्हणजे ग्राही शस्त्रक्रियेच्या दिवशी जे हृदय घेऊन येतो त्यावर मागील काही वर्षांचा लेख आधीच उमटलेला असतो. डाव्या निलयाची भिंत जाड झालेली असते, धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचलेले असते. या विकारात मेदाचा वाटा असतो. पण रक्तदाब, शरीरात साठलेले पाणी, रक्तक्षय आणि फॉस्फरसचा बिघाड यांचा वाटा त्याहून लहान नसतो.

म्हणूनच कॅसिस्के व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली फ्रॅमिंगहॅमची समीकरणे ग्राहींना लावून पाहिली तेव्हा त्यांतून मिळालेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी भरला, आणि मधुमेही ग्राहींत ही तफावत विशेष दिसली. या निष्कर्षाचे दोन अर्थ लावता येतात. एक असा की ग्राहीत तेच घटक अधिक जोराने काम करतात. दुसरा असा की यादीत नसलेले काहीतरी तेथे काम करीत आहे. पुढील संशोधनाचा बराच भाग पहिल्या अर्थाच्या मागे गेला, कारण त्या मार्गात औषध देऊन परीक्षा पाहता येत होती.

३

या परीक्षांत दोन महत्त्वाच्या ठरल्या. पहिली ‘ॲलर्ट’ या नावाने ओळखली जाते. होल्डास प्रभृतींनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत युरोपातील काही देश व कॅनडा येथील २,१०२ ग्राहींपैकी काहींना फ्लुव्हास्टॅटिन हे मेद कमी करणारे औषध व इतरांना निष्क्रिय गोळी देऊन सरासरी पाच वर्षे पाहण्यात आले. औषधाने अपायकारक कोलेस्टेरॉल सुमारे ३२ टक्क्यांनी उतरले. पण मोठ्या हृदय-घटनांचा जो मुख्य निकष आधी ठरविला होता, त्यात केवळ १७ टक्के घट झाली व ती संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण ठरली नाही. हृदयविकाराने मृत्यू अथवा प्राणघातक नसलेला हृदयाघात एवढ्यापुरते पाहिले असता मात्र सुमारे ३५ टक्के घट दिसली. पुढे त्याच रुग्णांना आणखी काही काळ पाहिल्यावर मुख्य निकषातही लाभ दिसून आला.

या चाचणीचे मूल्यमापन नेहमी एका टोकास जाते. कोणी तिला अपयशी म्हणतात, कोणी स्टॅटिन औषधांचा विजय मानतात. खरे पाहता तिचे महत्त्व शेजारी ठेवलेल्या दोन चाचण्यांमुळे कळते. डायालिसिसवरील रुग्णांना स्टॅटिन देऊन पाहणाऱ्या ‘फोर-डी’ (२००५, १,२५५ मधुमेही रुग्ण) व ‘ऑरोरा’ (२००९, २,७७६ रुग्ण) या दोन्ही चाचण्यांत मेद उतरला, पण मुख्य निकषात अर्थपूर्ण लाभ झाला नाही. निरोगी समाजात स्टॅटिनचा लाभ स्पष्ट आहे. डायालिसिसवर तो जवळपास दिसत नाही, ग्राहीत अर्धवट दिसतो. यावरून असे अनुमान निघते की ग्राहीच्या छातीत दोन विकार एकत्र नांदत असतात. एक सर्वसामान्यांचा, मेदाने धमनी अरुंद करणारा. दुसरा निकामी मूत्रपिंडाच्या काळातून आलेला, हृदयाच्या स्नायूचा व कडक झालेल्या धमन्यांचा. पहिल्यावर गोळी चालते, दुसऱ्यावर चालत नाही. जी यादी दोहोंना ‘हृदयविकार’ या एकाच शब्दात कोंडते, तिच्याकडून उपचाराचा नेमका निर्णय कसा व्हावा?

दुसरी चाचणी ‘फेव्हरिट’ होय. होमोसिस्टीन या द्रव्याची रक्तातील पातळी वाढली की हृदयविकार वाढतो, असे निरीक्षण अनेक वर्षे मांडले जात होते आणि ग्राहींत ही पातळी वारंवार वाढलेली असते. बोस्टम प्रभृतींनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या या चाचणीत अमेरिका, कॅनडा व ब्राझील येथील ४,११० ग्राहींपैकी एका गटास फॉलिक आम्ल व ब-जीवनसत्त्वे मोठ्या मात्रेत दिली गेली. पातळी उतरली, हृदयविकार उतरला नाही. एखादी गोष्ट रोगाबरोबर आढळते म्हणून ती रोगाचे कारण ठरत नाही, हा तर्कशास्त्रातील जुनाच धडा या चाचणीने हजारो रुग्णांच्या साक्षीने पुन्हा दिला. होमोसिस्टीन हे बहुधा मंदावलेल्या मूत्रपिंडाचे लक्षण होते. याच चाचणीतील नोंदींच्या पुढील विश्लेषणात असे दिसले की रोपित मूत्रपिंडाची गाळणक्षमता मिनिटास ४५ मिलिलिटरच्या खाली जेवढी घसरते तेवढा हृदयविकार वाढतो. चाचणीने एक घटक यादीतून काढला आणि दुसऱ्याकडे बोट दाखविले. तो दुसरा घटक म्हणजे खुद्द रोपित मूत्रपिंड.

४

येथे आपण या परंपरेच्या सर्वांत दुर्बल जागेपाशी येतो. यादीतील कलमे रुग्णाची म्हणून मांडली जातात. पण त्यांतील कित्येक उपचाराने निर्माण केलेली असतात.

रोप शरीराने नाकारू नये म्हणून ग्राहीस जन्मभर प्रतिकारदमनाची औषधे घ्यावी लागतात. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडे वजन, रक्तशर्करा, मेद व रक्तदाब ही चारही वाढवितात. सायक्लोस्पोरिन रक्तदाब व मेद वाढविते. टॅक्रोलिमस मेदाच्या बाबतीत त्याहून सौम्य आहे, पण मधुमेहास अधिक कारण होते. सिरोलिमस मेद चढविते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्रत्यारोपणानंतर सहा महिन्यांत नवा मधुमेह अथवा बिघडलेली उपाशीपोटीची शर्करा सायक्लोस्पोरिनच्या गटात २६ टक्के, तर टॅक्रोलिमसच्या गटात ३३.६ टक्के रुग्णांत आढळली. यादीत ‘मधुमेह’ हे एक कलम आहे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी वीस वर्षे असलेला मधुमेह आणि औषधाने सहा महिन्यांत आणलेला मधुमेह या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणे वेगळी, त्यांनी केलेली हानी वेगळी, आणि दुसऱ्याच्या बाबतीत औषध बदलण्याचा मार्ग निदान काही अंशी वैद्याच्या हाती असतो.

रोपित मूत्रपिंडाच्या कार्याचेही तसेच. मायर-क्रीशे प्रभृतींनी २००३ साली ५८,९०० ग्राहींच्या नोंदींवरून दाखविले की प्रत्यारोपणानंतर एका वर्षाने क्रिएटिनीन १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर हृदयविकाराने होणारा मृत्यू पायरीपायरीने वाढत जातो. म्हणजे मूत्रपिंडाचा वैद्य आणि हृदयाचा वैद्य असे दोन स्वतंत्र प्रांत करण्यास येथे आधार राहत नाही. रोप नीट जपणे हाच हृदयाचा पहिला उपचार ठरतो.

‘पोर्ट’ या नावाच्या अभ्यासाने (२०१०) चौदा केंद्रांतील २३,५७५ ग्राहींच्या आधारे अंदाजाची नवी समीकरणे बांधली. त्यांत रोपाचे विलंबाने सुरू झालेले कार्य, नकाराचा झटका, प्रत्यारोपणोत्तर मधुमेह व गाळणक्षमता यांना स्थान मिळाले, आणि रक्तदाब, मेद व धूम्रपान या जुन्या घटकांनी अंदाजात फारशी भर घातली नाही असे आढळले. हा निष्कर्ष पुढे मांडताना काही लेखक घाईने म्हणतात की ग्राहीत जुने घटक गौण होत. हे अनुमान सदोष आहे. अंदाजात भर न घालणे म्हणजे कारण नसणे नव्हे. ज्या गटात जवळजवळ प्रत्येकास उच्च रक्तदाब आहे आणि प्रत्येकास त्यावर औषध चालू आहे, त्या गटात रक्तदाब एकास दुसऱ्यापासून वेगळे काढू शकत नाही. तरीही तो सर्वांचीच हानी करीत असतो. सगळे गाव एकाच विहिरीचे दूषित पाणी पीत असेल, तर कोण आजारी पडेल हे त्या पाण्यावरून सांगता येणार नाही. म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. अंदाज बांधणारे शास्त्र आणि कारण शोधणारे शास्त्र यांची ही गल्लत या परंपरेत वारंवार होते.

२०१२ साली सोवेरी प्रभृतींनी ‘ॲलर्ट’च्या रुग्णांवरून जोखीम मोजण्याचे गणित तयार केले व ‘पोर्ट’च्या रुग्णांवर ते पडताळून पाहिले. वय, पूर्वीचा धमनीविकार, मधुमेह, अपायकारक कोलेस्टेरॉल, क्रिएटिनीन, प्रत्यारोपणांची संख्या व धूम्रपान अशी त्याची सात कलमे. जुन्या समीकरणांपेक्षा हे निश्चित पुढचे पाऊल आहे, कारण त्यात क्रिएटिनीनला व प्रत्यारोपणांच्या संख्येस जागा मिळाली. परंतु ज्या रुग्णांवरून ते बांधले गेले ते सर्व सायक्लोस्पोरिन घेणारे होते. पुढे २००९ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी टॅक्रोलिमसला प्रथम पसंती दिली. औषध बदलले की जोखमीचे स्वरूप बदलते. एका औषधाच्या काळात घेतलेले माप दुसऱ्या औषधाच्या काळात जसेच्या तसे वापरणे शास्त्रास धरून नाही.

५

आता हे गणित अंकुशनगरला नेऊन पाहू. अंबड तालुक्यातील ही वसाहत समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली आणि कै. अंकुशराव टोपे यांच्या नावाने ओळखली जाते. कारखान्याचे कामगार, आसपासचे ऊस-उत्पादक व हंगामात येणारे तोडणी-मजूर असा येथील समाज आहे. येथे राहणारा चाळिशीतील एखादा ग्राही मनासमोर आणावा आणि सात कलमे एकेक करून त्याला लावावीत.

धूम्रपान या कलमापाशी तो ‘नाही’ म्हणेल आणि ते खरेही असेल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू-पाहणीत महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, आणि स्त्रियांत दातांस लावावयाची मिश्री या रूपांनी आपल्याकडे तंबाखू शरीरात जाते. बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयाघाताची शक्यता दुपटीहून अधिक आढळली होती. तरी गणितात ‘तंबाखू’ नाही, ‘धूम्रपान’ आहे. युरोपच्या सवयीवरून बेतलेल्या या एका शब्दामुळे मराठवाड्यातील ग्राही निर्व्यसनी ठरतो.

वयाच्या कलमातही असाच भेद आहे. ‘इंटरहार्ट’च्या नोंदींनुसार दक्षिण आशियात पहिला हृदयाघात येण्याचे मध्यवय ५३ वर्षे होते, अन्य देशांत ते ५८.८ होते. गणितातील चाळीस वर्षे आणि येथील चाळीस वर्षे ही हृदयाच्या दृष्टीने सारखी नव्हेत.

शरीराच्या घडणीविषयी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे कार्य येथे विशेष उपयोगी आहे. भारतीय अर्भक जन्मतः बारीक असते, पण त्याच्या बारीक देहात मेदाचे प्रमाण अधिक असते, हे त्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील अभ्यासातून पुढे आणले. २००४ साली त्यांनी व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३, पण देहातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के. वजनकाट्यावर समान दिसणारी दोन शरीरे मधुमेहाच्या दृष्टीने किती भिन्न असू शकतात, याचा हा बोलका दाखला होय. टॅक्रोलिमस व स्टेरॉइड ही जोडी अशा देहात गेल्यावर मधुमेह कोणत्या वेगाने येईल, याचा अंदाज केवळ वजनावरून बांधता येणार नाही.

याच घडणीचा परिणाम क्रिएटिनीनच्या कलमावर होतो व तो अधिक फसवा असतो. क्रिएटिनीन स्नायूंतून निर्माण होते. ज्याचे स्नायू मुळातच कमी व स्टेरॉइडने आणखी झिजलेले, त्याचा आकडा मूत्रपिंड मंदावले असतानाही समाधानकारक दिसतो. ज्या कलमाने हे गणित जुन्यांहून श्रेष्ठ ठरले तेच कलम येथे खोटा दिलासा देऊ शकते. शर्करेच्या तपासणीतही अशीच उणीव राहते. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन दुपारनंतर शर्करा चढविते. उपाशीपोटीचा एकच नमुना तपासला तर ती वाढ नजरेतून निसटते.

काही गोष्टी तर यादीत कोठेच नाहीत. पहिली, औषधाची किंमत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड-प्रत्यारोपणासाठी स्वतंत्र मर्यादा आहे, आणि शासनाच्या २०२३ मधील निर्णयाने ती अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपयांवर नेण्यात आली. ही मदत मोलाची आहे. परंतु शस्त्रक्रिया एकदाच होते, औषध जन्मभर चालते. टॅक्रोलिमस वा सायक्लोस्पोरिनची मात्रा कमी लागावी म्हणून डिल्टियाझेमची जोड देण्याचा प्रघात भारतातही आहे. डिल्टियाझेम रक्तदाब उतरविते, प्रतिकारदमनाच्या औषधाची रक्तातील पातळी वाढविते, आणि काही स्टॅटिन औषधांचीही पातळी वाढविते. म्हणजे घरखर्चाची चणचण थेट औषधशास्त्रात शिरते आणि एकाच वेळी तीन जोखीमघटक हलविते. जो अभ्यास औषधाचे नाव नोंदवितो पण ते का निवडले हे नोंदवीत नाही, त्याला हा धागा दिसणार नाही.

दुसरी गोष्ट पाणी व ऊन यांची. मराठवाड्यात उन्हाळ्याचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. एकच मूत्रपिंड असलेल्या, आणि त्या मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या आकुंचित करणारी औषधे घेणाऱ्या माणसाच्या शरीरातील पाणी घटले, तर रोपाचा रक्तपुरवठा घटतो. असे वारंवार झाल्यास त्याची किंमत गाळणक्षमतेस द्यावी लागते, आणि तेथून हृदयास. उन्हात राबणाऱ्या ग्राहीची जोखीम थंड हवेच्या देशात बसून केलेल्या यादीत येणे शक्य नव्हते.

तिसरी गोष्ट संसर्गाची. भारतातील अनेक केंद्रांच्या अहवालांत ग्राहींच्या मृत्यूचे पहिले कारण संसर्ग हे असते, हृदयविकार त्यामागून येतो. यावरून आपल्याकडे हृदयाचा प्रश्न लहान आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जो तिसऱ्या वर्षी क्षयाने वा न्यूमोनियाने गेला, तो दहाव्या वर्षीच्या हृदयाघाताच्या गणनेत येतच नाही. संसर्गावर जसजसा ताबा येईल तसतसा हृदयविकार पुढे येईल. आजचा लहान आकडा हा संरक्षणाचा नसून अकाली मृत्यूचा असू शकतो.

६

या समीक्षेवर एक आक्षेप सहज घेता येईल. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वैद्यास प्रत्येक रुग्णासाठी काही मिनिटेच मिळतात; त्याच्या हाती सात कलमांचे साधे गणित असणे हे काहीच नसण्यापेक्षा बरे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. रक्तदाब, शर्करा व मेद यांवर लक्ष ठेवा, तंबाखू सोडवा, ज्यांना स्टॅटिन योग्य आहे त्यांना ते द्या, हा उपदेश अंकुशनगरातही तितकाच खरा आहे. शरीरशास्त्राचे नियम तालुक्यागणिक बदलत नाहीत. बदलतो तो त्या नियमांस मिळणारा कच्चा माल : देह, सवय, हवा, औषध आणि पैसा. म्हणून यादी टाकून द्यावी असे येथे सुचवावयाचे नाही. तिचा उपयोग करताना ती कोणाची आहे हे विसरू नये, एवढेच म्हणणे आहे.

त्यातून आपल्या विद्यापीठीय विभागांसाठी काही कामे निघतात, आणि ती केवळ वैद्यक विभागाची नव्हेत. मराठवाड्यातील ग्राहींचा दीर्घकाळ मागोवा घेणारी नोंदवही हवी. तिच्यात धूम्रपानाच्या जागी तंबाखूचे रूप व प्रमाण असावे. वजनाच्या शेजारी कमरेचा घेर असावा. मधुमेह शस्त्रक्रियेच्या आधीचा की नंतरचा, हे लिहिले जावे. डायालिसिसवर किती महिने गेले आणि औषधाचा खंड किती वेळा व कोणत्या कारणाने पडला, याला स्वतंत्र रकाने असावेत. क्रिएटिनीन कोणत्या ऋतूत तपासले याची तारीख तर नोंदीत असतेच. तिच्याकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागेल. औषधाच्या किमतीची व प्रवासाची नोंद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने, दाता व ग्राही यांच्या नात्याची नोंद समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने करावी, आणि एकाच गटातील अनेक मृत्युकारणांच्या स्पर्धेचे गणित संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने मांडावे. असे काम एका प्रबंधात संपणारे नाही. पण एका प्रबंधाने त्याचा आरंभ होऊ शकतो.

शेवटी शब्दाविषयी थोडे. या परंपरेतील मूळ संज्ञेसाठी आपण ‘जोखीम’ हा शब्द घेतला आणि त्याचा एकच अर्थ चालू ठेवला, तो धोक्याचा. मराठीच्या वापरात जोखीम म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने सांभाळावयास दिलेला मौल्यवान ऐवजही होय. आईने किंवा पत्नीने दिलेले मूत्रपिंड ही या दुसऱ्या अर्थाने जोखीम आहे, आणि ती केवळ ग्राहीवर टाकता येत नाही. औषध निवडणारा वैद्य, ते परवडेल की नाही हे ठरविणारी व्यवस्था आणि कोणते रकाने मोजावयाचे हे ठरविणारा संशोधक या सर्वांकडे तिचा वाटा येतो. म्हणून सुचविलेल्या नोंदवहीत ग्राहीच्या पानासमोर दात्याचेही पान असावे. तिच्या रक्तदाबाची, शर्करेची व उरलेल्या एका मूत्रपिंडाची तपासणी त्याच दिवशी, त्याच फेरीत व्हावी.